मुलीच्या उन्हाळी संशोधनासाठी निवृत्तीचे पैसे काढावेत का?

ताई, तुमचं पत्र वाचलं आणि सोबतचा फोटोही मोठा करून पाहिला. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. तुम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहता, यजमान किराणा दुकानात आणि तुम्ही डे-केअरमध्ये काम करता. मुलगी अकरावीत आहे आणि तिला जीवशास्त्राचं वेड आहे. एका नामांकित विद्यापीठाच्या आवारातल्या ६ आठवड्यांच्या संशोधन शिबिरासाठी तिची ‘निवड झाली’ असं पत्र आलंय. फी ९,४०० डॉलर, त्यातले १,००० महिनाअखेर भरायचे. बँकेतली १४ हजारांची शिल्लक मोडायची नाही, म्हणून यजमान ४०१(के)मधून, म्हणजे नोकरीतल्या निवृत्ती खात्यातून, पैसे काढू म्हणतात.

पैसे भरू नका.

त्या पत्रावर सोनेरी शिक्का आहे, मुलीचं नाव ठळक छापलंय. पण अगदी तळाशी, बारीक अक्षरात लिहिलंय की आयोजक विद्यापीठाशी संलग्न नाहीत, जागा फक्त भाड्याने घेतली आहे. ती ओळ मुलीलाही वाचायला द्या. तिचा हिरमोड होईल, पण हे तिला आताच कळलेलं बरं.

आता ४०१(के). साडेएकोणसाठ वर्षांच्या आत रक्कम काढली की प्राप्तिकर लागतोच, वर १० टक्के दंड. तुमच्या उत्पन्नात ९,४०० हातात यायला १२ हजारांच्या वर काढावे लागतील. शिवाय ही रक्कम त्या वर्षाच्या उत्पन्नात धरली जाते. कॉलेजसाठीच्या आर्थिक मदतीचा सरकारी अर्ज, म्हणजे फाफ्सा, दोन वर्षं मागचं उत्पन्न बघतो. म्हणजे या उन्हाळ्यात काढलेले पैसे तिच्या कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाच्या मदतीच्या आड येतील.

ज्या मुलांच्या घरातून विज्ञानाकडे फारसं कुणी गेलेलं नाही, त्यांच्यासाठी चालणारे चांगले कार्यक्रम फी घेतच नाहीत. एमआयटीचा ‘माइट्स’ १९७५पासून चालू आहे. अकरावीनंतरच्या उन्हाळ्यात ६ आठवडे राहणं, जेवण, शिकवणी सगळं फुकट, जाण्यायेण्याचं भाडं तेवढं आपलं. ग्रीन कार्ड असलेल्यांना अर्ज करता येतो. अमेरिकन केमिकल सोसायटीचा ‘प्रोजेक्ट सीड’ १९६८चा. त्यात कमी उत्पन्नाच्या घरातली मुलं खऱ्या प्रयोगशाळेत संशोधकाच्या हाताखाली काम करतात आणि त्यांना मानधन मिळतं. रटगर्स विद्यापीठात अभियांत्रिकीची गव्हर्नर्स स्कूल, म्हणजे राज्याचा उन्हाळी कार्यक्रम, आहे, तीही विनाशुल्क, मात्र नाव शाळेने सुचवावं लागतं. प्रिन्स्टनच्या प्रयोगशाळांतही १६ वर्षांवरच्या मुलांना उन्हाळ्यात मोफत काम करता येतं. तिथे राहायची सोय नाही, पण एडिसनहून प्रिन्स्टन जंक्शनला थेट गाडी आहे.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. अमेरिकेच्या विज्ञानक्षेत्रात भारतीय कमी नाहीत, त्यामुळे आडनावावर काही मिळेल असं धरू नका. तुमची बाजू भक्कम आहे ती उत्पन्नामुळे, आणि दोघांचंही शिक्षण बारावीवर थांबल्यामुळे. हे लिहायला तिला संकोच वाटेल. तरी अर्जात लिहू द्या, ते खरं आहे.

पत्रात तुम्ही सहज लिहून गेलात की गेल्या उन्हाळ्यात तिने दुकानात काम करून २,१०० डॉलर मिळवले आणि गाडीच्या विम्याला लावले. माझ्या मते तुमच्या हिशोबातला सगळ्यात मोठा आकडा हा आहे. फुकट कार्यक्रमसुद्धा तुमच्या घराला २,१०० डॉलरला पडतो. हुशार पोरं अशा संधी सोडून कॅश काउंटरवर उभी राहतात ती याच रकमेपायी. म्हणून मानधन देणाऱ्या ‘सीड’चा अर्ज आधी भरा. बिनमानधनाची जागा मिळाली तर शिल्लकीतले २,१०० विम्यासाठी बाजूला काढा. शिल्लक मोडू नका असं मी एरवी दहा वेळा सांगतो, पण हा खर्च बिनधास्त करा.

उरलेली शिल्लक तुमच्याच नावावर राहू द्या. फाफ्सात मुलांच्या नावावरच्या पैशाचा २० टक्के हिस्सा कॉलेजच्या खर्चाला उपलब्ध धरतात, पालकांच्या नावावर तोच जास्तीत जास्त ५.६४ टक्के.

बहुतेक अर्ज जानेवारी-फेब्रुवारीत बंद होतात आणि शिक्षकांची शिफारसपत्रं लागतात. सोमवारी शाळेच्या समुपदेशकांना भेटा, गव्हर्नर्स स्कूलसाठी नाव सुचवायची त्यांची तारीख विचारून घ्या, आणि जीवशास्त्राच्या बाईंना शिफारसपत्रासाठी मुलीला स्वतः विचारू द्या.