‘मी कोण?’ या प्रश्नाला मिळालेलं उत्तर

ख्रिस्तात प्रिय,
सप्रेम सलाम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, याला धीर द्यायला हवा. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की नुसत्या धीराने भागणार नाही. एकाच वाक्यात तू तीन निरनिराळ्या गोष्टींची गाठ मारून ठेवली आहेस: मला चारचौघांत बोलता येत नाही, शास्त्र पुरतं ठाऊक नाही आणि माझं मन शुद्ध नाही, तेव्हा मंडळीच्या सेवेचं हे पाचारण, देवाचं हे बोलावणं, माझ्यासाठी नसावंच. या तिन्हींवर एकच औषध चालत नाही.

बोलण्याचं आधी घेऊ. मोशेचा दाखला तुला आजवर अनेकांनी दिला असेल. तरी बायबलमधल्या निर्गमाचा तिसरा आणि चौथा अध्याय एका बैठकीत वाच. इस्राएल लोकांना मिसरच्या गुलामीतून सोडवायला देव मोशेला फारोकडे, तिथल्या राजाकडे, पाठवतोय. जळत्या झुडपापुढे मोशे पाच वेळा अडतो. मी कोण असा? तुझं नाव काय म्हणून सांगू? त्यांचा विश्वास बसला नाही तर? माझी जीभ जड आहे. आणि शेवटी, दुसऱ्या कोणाला तरी पाठव. पहिल्या चारही वेळा देव त्याला उत्तर देतो. राग येतो तो पाचव्या वेळी, कारण तिथे विचारायचं काही उरलेलंच नसतं, फक्त अंग काढून घ्यायचं असतं. तुझं पत्र अजून चौथ्या पायरीवर आहे, असं मी धरून चालतो.

पण मी दर वेळी थांबतो तो पहिल्याच प्रश्नापाशी. ‘मी कोण?’ यावर देवाला म्हणता आलं असतं की तू फारोच्या घरात वाढलास, तिथली रीतभात तुला माहीत आहे, तूच योग्य. ते खोटंही ठरलं नसतं. पण तो म्हणतो, मी तुझ्याबरोबर असेन. प्रश्न मोशेबद्दल होता आणि देव बोलला स्वतःबद्दल. आपल्याला हवा असतो लायकीचा दाखला, आणि तो तिथे कोणी लिहून देत नाही. बरं, पुढे मोशेची जीभ सुटली असंही नाही. सोबतीला बोलणारा भाऊ अहरोन आला, इतकंच. फारोपुढे उभे राहिले तेव्हा मोशे 80 वर्षांचा होता, अहरोन 83. तुझा अहरोन कोण, हे शोधलंस का?

माझंही सांगतो. मी पहिल्यांदा प्रभुभोजनाचा विधी चालवला, तेव्हा प्याला उचलला आणि हात असा कापायला लागला की तो तबकाच्या कडेवर टकटक वाजू लागला. सगळी मंडळी शांत. तो आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला असणार. उपासना संपल्यावर एक वयस्कर बाई जवळ आल्या. वाटलं, आता सांत्वन करतील. त्या म्हणाल्या, “दोन्ही हातांनी धरा,” आणि गेल्या. घाबरू नका नाही, तुम्ही छान केलंत नाही. हात नंतरही बरीच वर्षं कापायचा, पण प्याला वाजला नाही.

आता शास्त्र न येण्याचं. ही उणीव खरी आहे आणि ती भरून काढता येते, म्हणून तिला ‘अयोग्यता’ असं भारदस्त नाव देऊ नकोस. पुढे मोठा ख्रिस्ती धर्मपंडित ठरलेला ऑगस्टिन 391 साली उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोला गेला असताना लोकांनी त्याला धरून बिशपपुढे नेलं आणि पाळकपदाची दीक्षा द्यायला लावली. तो रडला. काहींना वाटलं, बिशप केलं नाही म्हणून रडतोय, आणि ते त्याची समजूत घालू लागले! मिलानमध्ये वक्तृत्व शिकवलेला हा माणूस. बोलण्याची अडचण त्याला नव्हतीच. त्याने काय केलं, तर बिशप वालेरियसला पत्र लिहून शास्त्राच्या अभ्यासासाठी ईस्टरपर्यंत सवड मागितली. त्याच पत्रात कबुलीही आहे: स्वतः कधी वल्हं हातात न धरता आपण इतर नावाड्यांच्या चुका काढत होतो. (फोनवर मोठमोठ्या प्रवचनकारांना ऐकून स्वतःला त्यांच्याशी ताडून पाहतोस ना, तीही किनाऱ्यावरूनच केलेली तुलना. फक्त तू उलट्या बाजूने करतोस.) तू सवड माग. किती आणि कशासाठी, ते मात्र नेमकं ठरव.

राहिलं मन. इथे मी मऊ बोलणार नाही. येशूच्या सांगण्यावरून टाकलेली जाळी माशांनी भरल्यावर कोळी पेत्र त्याच्या पाया पडून म्हणाला, माझ्यापासून जा, मी पापी माणूस आहे. येशू गेला नाही. ती जाणीव अडथळा नव्हे. पण ‘मी अयोग्य आहे’ या ढोबळ शब्दामागे एखादी ठराविक गोष्ट दडलेली असेल, चालू असलेलं खोटं, एखादं व्यसन, कोणावर केलेला अन्याय, तर तो शब्द पांघरूण होतो. बायबलमध्ये तीमथ्य या तरुण सेवकाला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात अध्यक्षाचे, म्हणजे मंडळीची देखरेख करणाऱ्याचे, गुण सांगितले आहेत, ते वाच. त्यात शिकवता येणं ही जवळजवळ एकच कसबाची बाब. बाकी बहुतेक सगळं वागण्याबद्दल: संयम, सौम्यपणा, पैशाचा लोभ नसणं, घर नीट सांभाळणं. तिथे कुठे बोचलं, तर विश्वासातल्या एका माणसाला त्या गोष्टीचं नाव घेऊन सांग. त्यापायी वर्ष-दोन वर्षं थांबावं लागलं तर थांब. तेही पाचारणातच मोडतं.

आणि हो, हा निकाल तू एकट्याने खोलीत बसून लावायचा नाहीस. तीमथ्यावरही सेवेसाठी नेमताना मंडळीच्या वडीलजनांनी हात ठेवले होते. तुला जे स्वतःत दिसत नाही ते मंडळीला दिसत असेल, किंवा तुला दिसतं ते तिला दिसत नसेल. दोन्ही ऐकायची तयारी ठेव.

येत्या गुरुवारी मी एका आजारी माणसाला भेटायला जाणार आहे. तूही चल. बोलायचं काही नाही, नुसतं शेजारी बसायचं. प्रार्थना मी करेन. तुला करावीशी वाटली तर माझ्या हाताला हात लाव, मी थांबेन. परत येताना चालतच येऊ.

तुझा,
प्रार्थनेतला सोबती