रोस्टेड फ्लॅक्स सीड्स रोज खाल्ल्या तर खरंच फायदा होतो का?

होतो. पण प्रश्नात तुम्ही 'हल्ली आलेल्या या परदेशी बिया' असं लिहिलंय, ते वाचून राहवलं नाही. अहो, हा आपला जवस आहे! विदर्भात पिढ्यान्‌पिढ्या पेरलेला आणि खाल्लेला.

माझं माहेर भंडारा जिल्ह्यातलं. धान उभं असतानाच, कापणीच्या आधी, बांधीतल्या, म्हणजे भातखाचरातल्या, ओलीवर जवस फेकायचे. वेगळी नांगरट नाही की पाणी नाही. थंडीत बांधी निळ्या फुलांनी भरून जायची, तीही सकाळचीच. दुपारपर्यंत पाकळ्या गळून जायच्या. घरात खायचं तेलसुद्धा जवसाचंच, घाणीवरून काढून आणलेलं. ढेप राहायची ती गाईबैलांना.

1994 साली लग्न होऊन पुण्याला आले. पहिल्या दिवाळीला आईनं सोबत जवसाच्या चटणीचा डबा दिला. जाऊबाईंनी झाकण काढून वास घेतला आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "हे तर तुमच्याकडे ढोरांना घालतात ना?" मी काही बोलले नाही. डबा फडताळात मागे ठेवला आणि महिनाभर सगळे उठल्यावर एकटीनं ती चटणी संपवली. आईला पत्रात लिहिलं, 'चटणी सगळ्यांना फार आवडली.' ते खोटं अजून सलतं.

गेल्या वर्षी जाऊबाईंचं कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं. चकचकीत पाकीट घेऊन त्या माझ्याकडे आल्या आणि ओमेगा-थ्री म्हणजे काय ते मलाच सांगायला लागल्या. मी दोन दाणे चावून पाहिले. खवट होते. उठले, कपाटातला जवस काढला, लोखंडी कढईत मंद आचेवर टाकला. आधी दाणा फुगतो, मग तडतडायला लागतो. तडतड कमी झाली की लगेच उतरवायचा, नाहीतर कडवटतो. गार झाल्यावर सुकी मिरची, लसूण, जिरं, मीठ घालून खलबत्त्यात जाडसर कुटला. भाकरीवर कच्चं तेल घालून वाढलं. दोनदा मागून घेतलं त्यांनी. मी म्हटलं, "ही तीच चटणी." त्यांना तो डबा आठवतच नव्हता.

आता तुमचं. अख्खे दाणे नुसते चघळून गिळत असाल तर बरेचसे तसेच बाहेर पडतात, म्हणून कुटूनच खा. 100 ग्रॅम जवसात साधारण 18 ग्रॅम प्रथिनं, 27 ग्रॅम तंतू आणि 40 ग्रॅमच्या वर तेल असतं. त्या तेलात निम्म्याच्या आसपास ओमेगा-थ्री, म्हणजे शरीराला स्वतः बनवता न येणारा, खाण्यातूनच घ्यावा लागणारा स्निग्ध भाग. हेच तेल हवा लागली की सुकतं, म्हणून तर ते रंगात आणि वॉर्निशमध्ये घालतात. त्याच गुणामुळे कुटलेला जवस लवकर खवट होतो. आठवडाभराचाच कुटा, घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये ठेवा. दिवसाला एक-दोन चमचे पुरे. वर पाणी भरपूर प्या, नाहीतर पोट साफ होण्याऐवजी धरतं. कच्चा खूप खाऊ नका, भाजलेला बरा.

मसाला लावलेली पाकिटं मला पटत नाहीत. मीठ जास्त, आणि आत दाणा किती जुना आहे ते कळत नाही. किराण्यातून सुटा आणा, चावून बघा, मगच घ्या.

राहिलंच: रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील किंवा दिवस गेलेले असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. कोलेस्टेरॉलची गोळी याच्या भरवशावर बंद करू नका. आणि मासे खात असाल तर तेही सोडू नका; माशातलं ओमेगा-थ्री वेगळं, जवसातल्याचं शरीरात त्यात फार थोडं रूपांतर होतं.

दुकानात मात्र जवस म्हणूनच मागा. अळशी म्हटलं तरी चालेल, पण फ्लॅक्स सीड्स नको. जाऊबाई आता जवसच म्हणतात. दोनदा टोकलं मी, पण म्हणायला लावलं.