माहितीपटाचं नंतर पाहू, आधी ती पॉलिसी परत करा

बाई, तुमच्या पत्राला दिलेलं उत्तर छापून येईपर्यंत थांबण्यासारखं नव्हतं, म्हणून आधी तुम्हाला थेट कळवलं. इथे देतोय ते इतरांच्या उपयोगी पडावं म्हणून, तुमची ओळख वगळून.

वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. बाई ६७ वर्षांच्या, इतिहासाच्या निवृत्त शिक्षिका. एकट्या राहतात. पेन्शन ३८ हजार, ती घरखर्च आणि औषधपाण्यात संपते. जन्मभराची पुंजी २२ लाख. लेक मेलबर्नला. तिच्याकडे गेल्या असताना ओकलीच्या ईटन मॉलमध्ये, ग्रीक कॅफेंच्या गर्दीत, तिथली ग्रीक मंडळी टेबल मांडून वर्गणी गोळा करताना दिसली. अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिराची जी शिल्पं ब्रिटिश राजदूत लॉर्ड एल्गिनने काढून नेली आणि १८१६ मध्ये ब्रिटिश सरकारला ३५ हजार पौंडांना विकली, ती अथेन्सला परत यावीत या मागणीवर त्यांना माहितीपट काढायचाय. दहा हजार ऑस्ट्रेलियन डॉलर देणाऱ्याला सहनिर्माता म्हणून नाव आणि नफ्यात वाटा. बाईंचा प्रश्न असा, की एफडी मोडून सहा लाख द्यावेत का आणि ते साधारण कधी परत मिळतील?

कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकट गावच्या यवनांनी (ग्रीकांना तेव्हा हेच नाव होतं) दान दिलेले खांब तुम्ही वर्षानुवर्षं मुलांना दाखवत आलात. तुमची ओढ मला समजते. पण पत्राच्या शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय, ‘सहा लाख गेले तरी चिंता नाही, बँकेने एफडीसारख्याच एका योजनेत चार लाख टाकायला लावलेत, आठ वर्षांनंतर दहा वर्षं दरसाल ४ लाख ४० हजार येणार आहेत.’ सोबत त्या योजनेच्या कागदांच्या पहिल्या पानाचा फोटो. तो फोटो मोठा करून पाहिला आणि बाकी सगळं बाजूला ठेवलं.

उजव्या कोपऱ्यातल्या चौकटीत आहे: हप्ता भरण्याची मुदत ७ वर्षे. ही एफडी नाही, आयुर्विमा आहे. चार लाख एकदा नाही, सात वेळा भरायचे आहेत. म्हणजे २८ लाख. तुमच्याकडे एकूण होते २२. पहिला हप्ता जाऊन उरले १८, आणि भरायचेत अजून २४. माहितीपटाला सहा दिले की उरतील १२, म्हणजे तीन हप्ते. पाचव्या वर्षी काय करणार होतात? त्याच पानावर तुमचं वार्षिक उत्पन्न १२ लाख आणि व्यवसाय ‘स्वयंरोजगार’ लिहिलाय. हे तुम्ही लिहिलेलं नाही. ज्याने लिहिलं त्याला माहीत होतं, की खरं उत्पन्न लिहिलं तर ही पॉलिसी मंजूर होणार नाही. ६७ वर्षांच्या निवृत्त बाईला, जिच्यावर कोणीही अवलंबून नाही, सात वर्षांचा हप्ता गळ्यात बांधणं ही सरळसरळ फसवणूक आहे.

आणि एवढं करून मिळणार काय? २८ लाख भरून दहा वर्षांत ४४ लाख. भरण्यात आणि मिळण्यात सरासरी साडेनऊ वर्षांचं अंतर. परतावा पाच टक्क्यांच्याही किंचित खाली पडतो. शेवटचा चेक येईल तेव्हा तुम्ही ८४ च्या असाल. चार लाख देऊन ४४ लाख मिळतील असं वाटलं, तेव्हाच कुणालातरी विचारायला हवं होतं. असं कोणीही देत नाही.

आता करायचं ते. पॉलिसीचे कागद हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती कारण न सांगतासुद्धा परत करता येते. याला फ्री लूक म्हणतात. कागद येऊन तुम्हाला १९ दिवस झालेत. अर्ज बँकेत ही पॉलिसी विकणाऱ्या मुलीकडे देऊ नका, ती ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणेल. विमा कंपनीच्या शाखेत लेखी द्या, तारखेचा शिक्का मारून पोच घ्या, ईमेलही करा. मुद्रांक शुल्क आणि तेवढ्या दिवसांच्या विमा संरक्षणाचा हप्ता कापून बाकी पैसे परत येतील. टाळाटाळ झाली तर विमा नियामकाच्या ‘बिमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार, पुढे विमा लोकपाल. मुदत टळली तर या चार लाखांतला मोठा भाग गेलाच म्हणून समजा.

पैसे आले की चार लाख दवाखान्यासाठी एफडीत राहू द्या. बाकीचे १८, एफडी संपतील तसे, ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत. सध्या ८.२ टक्के, म्हणजे तिमाहीला ३७ हजारांच्या आसपास.

राहिला माहितीपट. नफ्यातला वाटा विसरा. वितरकाचं कमिशन, महोत्सवांचा खर्च, आधीची देणी फिटल्यावर माहितीपटात वाटायला बहुधा काही उरत नाही. जे द्याल ते दान. आयोजकांना दोन गोष्टी विचारा: रक्कम पूर्ण जमली नाही तर वर्गणी परत मिळते का, आणि पुरातत्त्व स्थळांवर चित्रीकरणासाठी ग्रीसच्या संस्कृती मंत्रालयाची परवानगी हातात आहे का? ती नसेल तर कॅमेरे अॅक्रोपोलिसच्या, म्हणजे पार्थेनॉनच्या टेकडीच्या, पायथ्याशीच थांबतील. परदेशी संस्थेला दिलेल्या दानावर तुम्हाला इथे आयकराच्या कलम ८०जीची सवलत नाही. लेकीने तिथून दिलं, संस्थेला तिथला कर-सवलतीचा दर्जा असला आणि बदल्यात वाटा किंवा वस्तू घेतली नाही, तर तिला करात वजावट मिळेल.

किती द्यावं? ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकाच्या मध्याला अथेन्सने शहराच्या रक्षणासाठी नागरिकांकडे वर्गणी मागितली. तो ठराव दगडावर कोरलेला आहे. ५० द्राख्मांहून (तेव्हाचं ग्रीक नाणं) कमी नको आणि २०० हून जास्तही नको, खाली देणाऱ्यांची नावं. तुमची वरची मर्यादा मी ठरवतो: एका तिमाहीचं व्याज. सहाशे डॉलरच्या आसपास होतील. मुद्दलाला हात नाही.

पण हे पैसे पॉलिसीचा परतावा खात्यात जमा झाल्यावरच पाठवा. पोचपावतीचा फोटो मला उद्याच हवा.