नागपुरात विशेष मुलांच्या वर्गात मदतनीस व्हायचं आहे. साठ हजारांचा कोर्स कर्ज काढून करावा का?

ताई, तुम्ही लिहिलंय की तुमची बारावी झाली आहे, तुम्ही मानेवाड्याला राहता, मूल तीन वर्षांचं आहे, आणि एका खासगी क्लासने 'शॅडो टीचर' (वर्गात एकाच मुलासोबत राहणारी मदतनीस) प्रमाणपत्राचे साठ हजार सांगितलेत, तेही हप्त्यांवर. माझं मत स्पष्ट आहे: आत्ता हे पैसे भरू नका. आधी वर्गात काम करून बघा. पैसे घालायचेच असतील तर ज्या शिक्षणानंतर आरसीआयचा (भारतीय पुनर्वास परिषदेचा) नोंदणी क्रमांक मिळतो, त्यातच घाला. मी मदतनीस म्हणून सुरुवात केली, पुढे डिप्लोमा करून विशेष शिक्षिका झाले, त्यामुळे दोन्ही बाजू मला माहीत आहेत.

आरसीआय ही विशेष शिक्षकांची नोंदणी ठेवणारी परिषद. १९९२ च्या कायद्याप्रमाणे विशेष शिक्षक म्हणून काम करायला तिच्या केंद्रीय नोंदवहीत नाव लागतं. मदतनिसाला अशी नोंदणी लागत नाही, 'शॅडो टीचर' नावाची वेगळी नोंदणीही नाही. म्हणजे साठ हजारांच्या त्या कागदाने कायद्याने तुम्हाला नवं काहीच मिळत नाही. मुख्याध्यापिका तुम्हाला घेताना विचारेल ते एवढंच: मुलं हाताळली आहेत का, आणि टिकून राहाल का.

खरं वजन आहे विशेष शिक्षणातल्या डी.एड. या आरसीआय-मान्य पदविकेला. दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. बारावीला ५० टक्के गुण लागतात, राखीव प्रवर्गांना थोडी सूट असते. बौद्धिक अक्षमता, श्रवणदोष, दृष्टिदोष अशा वेगवेगळ्या शाखा आहेत, त्यामुळे आधी वर्गात वावरलं की शाखाही डोळसपणे निवडता येते. कोणत्याही संस्थेत पैसे भरण्याआधी आरसीआयच्या संकेतस्थळावर तिचं नाव शोधा. मान्यता संस्थेला सरसकट नसते, ठरावीक अभ्यासक्रमाला आणि ठरावीक मुदतीपुरती असते. तुमच्या प्रवेशाचं वर्ष त्या मुदतीत बसतं का, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा. पत्रकावरच्या 'आंतरराष्ट्रीय मान्यता' या शब्दांवर जाऊ नका.

दोन वर्षं आत्ता जमणार नसतील तर मधली वाटही आहे. २०२१ मध्ये आरसीआयने समाजाधारित समावेशक विकासाचा सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम सुरू केला, तो पूर्ण करणाऱ्यांना 'दिव्यांग मित्र' म्हणतात. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची 'सहयोगी' ही काळजीवाहकांच्या प्रशिक्षणाची योजना आहे. नागपुरातच केंद्र सरकारचं दिव्यांगांसाठीचं संयुक्त क्षेत्रीय केंद्र आहे, लोक त्याला सीआरसी म्हणतात. यंदा इथे काय सुरू आहे, ते तिथे प्रत्यक्ष जाऊन विचारा. फोनवर अर्धीच माहिती मिळते.

आता कामाबद्दल, कारण तुमच्या प्रश्नात ते कुठेच नाही आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटते. मदतनिसाच्या दिवसाचा मोठा भाग शौचालय, जेवण आणि ने-आण यात जातो. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीचं पॅड बदलावं लागतं, आणि ते तिची लाज राखून करायचं असतं. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा नसणं) असलेल्या मुलाला भरवताना आडवं ठेवायचं नाही. पाठ सरळ, हनुवटी किंचित खाली, लहान चमचा, आणि आधीचा घास गिळल्याशिवाय पुढचा नाही, नाहीतर अन्न श्वासनलिकेत जातं. फिट आली तर कांदा हुंगवणं, चप्पल नाकाला लावणं, दातांत चमचा घालणं यातलं काहीही करायचं नाही. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काही ठेवायचं आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटांच्या वर गेली तर थेट दवाखाना. हे सगळं शिकता येतं, पण पाहूनच कळतं, फळ्यावरून नाही.

आणि यापेक्षाही अवघड असतं ते आपली मदत हळूहळू कमी करणं. नवी मदतनीस मुलाच्या शेजारी चिकटून बसते, त्याचा हात धरून अक्षर गिरवून घेते, वही सुंदर दिसते, पालक खूश होतात. मूल मात्र काही शिकत नाही. आधी हात धरा, मग फक्त कोपराला स्पर्श, मग नुसती खूण, मग मागे सरका. स्वमग्न मुलाला घंटेचा आवाज सहन होत नसेल तर घंटेआधी चित्रकार्ड दाखवून सांगा की आता आवाज येणार आहे. शिक्षिकेने मुलाचा जो वैयक्तिक आराखडा केलेला असतो, आम्ही त्याला आयईपी म्हणतो, तो मागून घ्या आणि वाचा. त्यात या आठवड्याचं एक उद्दिष्ट शोधा आणि तेवढंच धरा. मुलांचे फोटो स्टेटसला टाकायचे नाहीत, हे मी माझ्या हाताखालच्या प्रत्येकीला पहिल्याच दिवशी सांगते. अंगावर संशयास्पद खूण दिसली तर मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याखाली कळवणं बंधनकारक आहे, शाळेच्या नावाला जपून गप्प बसायचं नाही.

पैशांचं गणित असं. 'नो कॉस्ट ईएमआय' (बिनव्याजी हप्ते) म्हणजे क्लास तुम्हाला सवलत देतोय, असं बहुतेक वेळा नसतं. फायनान्स कंपनी तुमच्या नावावर कर्ज काढून पैसे क्लासला देते. क्लास बंद पडला किंवा तुम्ही सोडला तरी हप्ता तुमचाच. बँकेचं शैक्षणिक कर्ज सहसा मान्यताप्राप्त अभ्यासक्रमालाच मिळतं. चार लाखांपर्यंत तारण लागत नाही आणि अभ्यासक्रम संपल्यावर साधारण एक वर्षाने परतफेड सुरू होते. तुमच्या त्या प्रमाणपत्राला बँक कर्ज देते का, एवढंच विचारून बघा. तिच्या नकारातूनच पुष्कळ काही कळेल. २०२४ ची पीएम विद्यालक्ष्मी योजना निवडक नामांकित संस्थांपुरती आहे, डी.एड.च्या छोट्या संस्थेसाठी तिच्या भरवशावर राहू नका.

डी.एड.ला प्रवेश घेताना महाविद्यालयाला विचारा, हा अभ्यासक्रम महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलच्या यादीत आहे का. असेल आणि तुम्ही अनुसूचित जातीच्या असाल, तर अडीच लाखांच्या आतल्या वार्षिक उत्पन्नावर केंद्राची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळू शकते. इतर प्रवर्गांच्या योजनाही त्याच पोर्टलवर आहेत. उत्पन्नाचा दाखला आणि लागत असेल तर जात पडताळणी आधीच काढून ठेवा, ऐन वेळी सेतूच्या रांगेत तारीख निघून जाते. तरी कमी पडले तर बचत गटाचं अंतर्गत कर्ज किंवा सोनेतारण हे ॲपवाल्या कर्जापेक्षा बरं. महिन्याचा हप्ता हातात येणाऱ्या पगाराच्या पाचव्या हिश्श्यावर जाऊ देऊ नका. खासगी शाळेत शॅडो टीचरचा पगार पुष्कळदा पालकच देतात आणि मे-जूनमध्ये तो थांबतो. बारा महिन्यांचा हप्ता आणि दहा महिन्यांची कमाई, हे मी अनेकींच्या घरी पाहिलंय.

पुढे नोकऱ्या मिळतील का, याचं उत्तर होकाराकडे झुकतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारच्या अपंगत्वांना मान्यता दिली. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये किती मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा, या प्रमाणाचा आग्रह धरला, आणि २०२४ मध्ये राज्याने केंद्रस्तरावर (म्हणजे शाळांच्या गटामागे) विशेष शिक्षकांची ४,८६० पदं मंजूर केली. यातली बरीच पदं आधीपासून कंत्राटावर असलेल्यांकडे जातील, पण दिशा चांगली आहे. ही पदं नोंदणी असलेल्या शिक्षकांची आहेत, म्हणून मी पुन्हा डी.एड.कडेच बोट दाखवते.

मग उद्या काय करायचं? मानेवाड्याच्या आसपासच्या विशेष शाळांची यादी जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागातून घ्या. शंकरनगरचं मूकबधिर विद्यालयही बघून या, मेट्रोची ॲक्वा लाइन शंकरनगर चौकापर्यंत जाते. आपल्याकडच्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात, जुलैत नव्या मुलांमुळे माणसं कमी पडतात, तेव्हाच जा. आठवड्यातल्या तीन सकाळी विनामोबदला येते, दिवाळीपर्यंत बघा, असं मुख्याध्यापिकांना सांगा, पण दिवाळीनंतर मानधनाचा विषय स्वतःहून काढा. फुकट काम कायमचं करायचं नसतं. आधार, बारावीची गुणपत्रिका आणि पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला सोबत ठेवा. सीआरसीत जाऊन आलात की तिथे कोणते अभ्यासक्रम सुरू आहेत ते इथे खाली लिहा, म्हणजे शाखा निवडायला मी मदत करीन.