आजोबांची रविवारची वंदना

लंडनच्या उपनगरात राहणाऱ्या एका ताईंनी विचारले आहे की, नागपूरहून सहा महिन्यांसाठी आलेल्या सासऱ्यांचा दर रविवारी विहारात जाण्याचा नेम इथे मोडला असून ते उदास दिसतात, तर त्यांना दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला पाठवावे का?

ताई, शिबिराची घाई करू नका. गोयंका गुरुजींच्या परंपरेतले हेरफर्डचे धम्म दीप केंद्र उत्तम आहे आणि इगतपुरीच्या केंद्राप्रमाणेच तिथेही शुल्क घेत नाहीत. पण पहाटे चारची घंटा, मौन आणि दिवसभराची बैठक उतारवयात झेपेल की नाही, हे आधी त्यांना स्वतःलाच ठरवू द्या. शिवाय शिबिर चालू असेपर्यंत आपली नेहमीची वंदना आणि पठण बाजूला ठेवावे लागते, आणि मामंजींना तर नेमकी वंदनेचीच ओढ आहे. पुढे कधी अर्ज केलाच, तर आजार आणि औषधे त्यात स्पष्ट लिहा.

त्याऐवजी त्यांना अमरावतीला न्या. ही आपली विदर्भातली अमरावती नव्हे. हर्टफर्डशायरमध्ये हेमेल हेम्पस्टेडजवळ, एका जुन्या शाळेच्या जागेत अजान (म्हणजे आचार्य) सुमेधो यांनी १९८४ मध्ये सुरू केलेला हा विहार थायलंडच्या अजान चा यांच्या अरण्यवासी परंपरेतला आहे. जाताना घरचे शाकाहारी जेवण डब्यात भरून घ्या आणि साडेदहापर्यंत पोहोचा, कारण भिक्खू दुपारी बारानंतर जेवत नाहीत, उद्यासाठी अन्न साठवून ठेवत नाहीत आणि त्यांना अर्पण केलेलेच अन्न ते घेतात. त्यामुळे तुमच्या पोळीभाजीला तिथे खरोखरीचे मोल आहे. भिक्खूंच्या हाती पैसे मात्र देऊ नका, ते पैशाला स्पर्श करत नाहीत.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. स्त्रीच्या हातून वस्तू थेट न घेता मध्ये वस्त्र ठेवून ती स्वीकारण्याची रीत या परंपरेत आहे. समतेच्या विचारात वाढलेल्या आपल्या मुलींना ती खटकेल आणि ते खटकणे मला रास्त वाटते, म्हणून मुलींनी प्रश्न केला तर त्यांना गप्प करू नका. शीलधरा म्हणून दीक्षा घेतलेल्या स्त्रियाही तिथे राहतात, त्यांच्याशीच त्यांना मोकळेपणाने बोलू द्या.

मामंजींना मांडी घालता येत नसेल तर खुर्ची मागून घ्या आणि बुद्धमूर्तीकडे पाय पसरू नका, असे मुलांना घरीच समजावून न्या. पठणाची चाल आपल्या विहारातल्यासारखी नसेल, पण ‘नमो तस्स भगवतो अरहतो सम्मासम्बुद्धस्स’ हे शब्द तेच आहेत. नातवाला आजोबांच्या शेजारीच बसवा. तिथल्या पठणाच्या पुस्तकात पाली ओळी रोमन लिपीत छापलेल्या असतात. त्या नातवाला वाचता येतील, आणि आजोबांना तोंडपाठ आहेत.