एकाच निकालाला दोन-दोन नंबर कसे?

प्रश्न : वकीलकाका, मी लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मूट कोर्टच्या (सरावाच्या खोट्या खटल्याच्या) मेमोरियलमध्ये, म्हणजे लेखी युक्तिवादात, सुप्रीम कोर्टाच्या केशवानंद भारती केसचं सायटेशन, म्हणजे निकाल कुठे छापलाय त्याचा नंबर, एका पानावर एआयआर १९७३ एससी १४६१ असं टाकलं आणि पुढच्या पानावर (१९७३) ४ एससीसी २२५. सरांनी दोन्हीला लाल गोल केलाय, बाजूला नुसतं 'हे काय?' यातलं चूक कुठलं? – एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : अगं चूक एकही नाही, दोन्ही त्या तेरा जजेसच्या निकालाचेच. अप्पा बळवंत चौकातनं एकच पोथी दोन प्रकाशकांची आणलीस तर पान नंबर वेगळे येणारच ना, तसंच हे, एआयआर (ऑल इंडिया रिपोर्टर) आणि एससीसी (सुप्रीम कोर्ट केसेस) हे निकाल छापणारे दोन वेगळ्या प्रकाशकांचे रिपोर्ट. एआयआरमध्ये साल, कोर्ट, पान, संपलं. एससीसीचे वर्षाला बरेच खंड निघतात म्हणून साल कंसात, मग ४ म्हणजे चौथा खंड आणि २२५ म्हणजे जिथे निकाल सुरू होतो ते पान. सुरू होतो हं, तुझा मुद्दा तिथे असेलच असं नाही! म्हणून पुढे पॅरा नंबर टाकायचा, आणि तोच पोरं टाकत नाहीत.

ज्युनिअर असताना मीपण हेच केलं होतं. शिवाजीनगर कोर्टात दुसऱ्याच्या लेखी युक्तिवादातनं सायटेशन उतरवलं, जजसाहेबांनी शांतपणे विचारलं 'कुठला पॅरा?', रिपोर्ट उघडला तर माझा मुद्दा भाडेकरूचा आणि पान निघालं इन्कम टॅक्सचं, कुठेतरी एक आकडा इकडचा तिकडे झाला होता. बाररूममध्ये आठवडाभर चहा मला पाजावा लागला.

आता २०२३ पासून न्यूट्रल सायटेशन आलंय, ते कोर्ट स्वतःच देतं, प्रकाशकाचा संबंध नाही. सुप्रीम कोर्टाचं असेल तर साल, आयएनएससी (भारताचं सुप्रीम कोर्ट) आणि नंबर, आपल्या हायकोर्टाचं असेल तर बीएचसी (बॉम्बे हायकोर्ट) आणि पुढे अपेलेट साइडचं (अपिलांच्या बाजूचं) असेल तर एएस, नागपूर खंडपीठाचं असेल तर तिथे एनएजी. हे छान झालं, महागडे रिपोर्ट घेणं सगळ्यांना कुठे परवडतं.

तू एवढंच कर, एकच रिपोर्ट (एआयआर किंवा एससीसी) पकड आणि शेवटपर्यंत तोच ठेव, नेटवरनं उचललेला प्रत्येक नंबर निकाल उघडून बघ, आणि तो निकाल नंतर फिरवला तर नाही ना तेही. बाकी कंस कुठला, स्वल्पविराम कुठे हे मूटच्या रूल्समध्ये दिलेलं असतं, बऱ्याच ठिकाणी ब्लूबुक (सायटेशन कसं लिहायचं त्याचं नियमपुस्तक) मागतात, ते अमेरिकेचं आहे त्यामुळे आपले रिपोर्ट त्यात बसवताना डोकं दुखतं, तेव्हा सरांना आधीच विचारून घे.