टिपरचे गार्ड : सुरुवात कुठून?

प्रश्न : खडी क्रशरवरच्या टिपरांसाठी ऑइल चेंबरचे (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याचे) आणि डिझेल टाकीचे गार्ड, म्हणजे दगडांपासून वाचवणाऱ्या प्लेटा, बनवायचे आहेत. माझ्याकडे वेल्डिंग मशीन आणि ग्राइंडर आहे. एवढ्यावर सुरुवात होईल का?

उत्तर : होईल. प्रेस ब्रेक (प्लेट वाकवायचं मशीन) घेण्याची घाई करू नका; लेझर कटिंग आणि बेंडिंग बाहेरच्या वर्कशॉपकडून जॉबवर्कवर करून घ्या. सुरुवातीला एकाच मॉडेलचा टिपर धरा. त्याचा पुठ्ठ्याचा फर्मा काढा आणि तो दोन-तीन गाड्यांना लावून पाहा.

चेंबर गार्डला आयएस २०६२ (स्ट्रक्चरल स्टीलचं भारतीय मानक) ची ६ मिमी प्लेट घ्या. ९०० बाय ७०० मिमीचा तुकडा सुमारे ३० किलो भरतो, म्हणून कोटेशन वजनावरून काढा. बेंडची आतली त्रिज्या प्लेटच्या जाडीपेक्षा कमी ठेवली, तर तिथे तडा जाऊ शकतो. गार्ड आणि चेंबरमध्ये किमान २५ मिमी अंतर हवं, नाहीतर दगड आपटला की वाकलेली प्लेटच चेंबर फोडते. ऑइलच्या ड्रेन बोल्टसमोर भोक ठेवा. ते विसरलात तर मेकॅनिक गार्ड काढेल आणि पुन्हा बसवणार नाही! चिखल निघायलाही फटी लागतात.

सर्वात मोठी चूक म्हणजे चासीला वेल्डिंग. चासीच्या फ्लँजला (वरच्या-खालच्या आडव्या पट्टीला) वेल्डिंग किंवा नवं भोक नकोच, तिथूनच तडा सुरू होतो. कंपनीच्या मूळ भोकांतच ८.८ ग्रेडचे (जास्त ताकदीचे) बोल्ट आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, सहज सैल न होणारे) वापरा.

पुढच्या क्रॅश गार्डची (बंपरपुढे लावतात त्या लोखंडी दांड्यांची) ऑर्डर मात्र नाकारा. केंद्रीय परिवहन मंत्रालयाने २०१७मध्येच त्यांवर कारवाईचे आदेश दिले आहेत. धंद्यासाठी उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) ऑनलाइन, मोफत होते.